एकशे चौऱ्याऐंशीवी जागा

नळीवर नाव लिहायचं नसतं.
आकडा लिहितो आम्ही, आणि तारीख,
आणि माणूस फ्रीजरमध्ये उणे वीस अंशांत
निनावी उभा राहतो.

हर्णैचा होता, एवढंच सांगते.
बोटीवरचा खलाशी. तळहाताला दोरीचे आडवे घट्टे,
शीर अशी जाड की सुईलाच लाज वाटावी.
चार वर्षं रिपोर्टात 'विषाणू आढळला नाही' यायचं,
तो कागद घडी घालून तंबाखूच्या चंचीत ठेवायचा.
यंदा मार्चमध्ये आकडा आला
एकेचाळीस हजार दोनशे.

समुपदेशक बाईंच्या आधी मीच विचारलं,
नियमाबाहेर, सुई काढताना:
गोळ्या?

खिडकीबाहेर दापोलीच्या रिक्षा मोजत राहिला.
मग म्हणाला, डबी वाजते.

केबिन एक, माणसं आठ,
एकाचं कोपर दुसऱ्याच्या बरगडीत.
रात्री नऊला इंजिन बंद, नांगर टाकलेला,
इतकं शांत की फळीखालून घोळीचं गुरगुरणं ऐकू येतं,
आणि त्यात तीस गोळ्यांची प्लास्टिकची डबी,
खुळखुळ्यासारखी.
तांडेल म्हणाला, काय वाजतंय रे?
याने सांगितलं, पित्ताच्या.
पुढच्या फेरीला डबी घरी, तांदळाच्या पिंपात.
फेरी बारा दिवसांची.
अशा सात.

नमुना पुण्याला जायचा, त्याच रात्री लाईट गेली.
जनरेटरला डिझेल नाही.
मी स्कूटीवरून बंदरावर, बर्फाच्या कारखान्यात.
किती पाट्या?
एकच डबा.
मासे कुठले?
म्हटलं, बारीक आहेत.
थर्माकोलवर आधीच कोणी लिहिलेलं: सुरमई, घाटकोपर.
ते खोडून मी पुणे लिहिलं.

सहा आठवड्यांनी कागद आला.
विषाणूच्या एका एन्झाइमची
एकशे चौऱ्याऐंशीवी जागा:
तिथे मेथिओनिन असायचं, आता व्हॅलिन.
नक्कल करताना 'ए'च्या जागी 'जी' पडला,
एवढंच. एका अक्षराची चूक,
आणि चार वर्षं रोज उघडणारं दार
लॅमिव्युडिनला उघडेना.

समजवायला गेले तर जाळंच आठवलं मला.
म्हटलं, बघा, जाळ्याला भोक पडलं,
त्यातून एक मासा सुटला...
तो हसला, त्या दिवसात पहिल्यांदा.
"ताई, सुटलेला मासा मागे येऊन
बाकीच्यांना भोक दाखवत नाय."

खरं होतं. मी कापसाचा बोळा दाबून धरला नुसता.
मग म्हटलं, हाही दाखवत नाही. हा फक्त वितो.
रोज, कोटींनी.
आणि पिल्लं सगळी
त्या भोकाच्याच मापाची.

तो बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसला.
बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला.

कागदावर नसलेली एक गोष्ट मी वाचून ठेवली आहे:
सुटणाऱ्यालाही किंमत पडते.
ते एक अक्षर बदलून विषाणू औषधातून वाचतो,
पण लंगडतो. नक्कल सावकाश होते त्याची.
औषध थांबलं की जुना, धडधाकट, पुन्हा पुढे येतो
आणि लंगडा कुठल्याशा पेशीच्या कोपऱ्यात
वर्षानुवर्षं बसून राहतो,
नाव न सांगता.
हे त्याला सांगावंसं वाटलं. का, ते कळलं नाही.
सांगितलं नाही.

नवीन औषधं जुलैअखेर आली.
दुसऱ्या टप्प्याची, गोळ्या मोठ्या, डबीही मोठी.
एक तारखेला बोटी सुटायच्या होत्या.
मी झाकण उघडून वर कापूस भरला
आणि डबी त्याच्या हातात दिली.
त्याने कानाशी धरून हलवली.

थोडी वाजली.

त्याने माझ्याकडे पाहिलं.
मी कापसाचा अख्खा रोल पुढे सरकवला.