पाचवा खिसा

मे महिन्यात, भर दुपारी,
पमाताई हेडाऊ सात जीन्स घेऊन आल्या,
जुन्या चादरीत गाठ मारून.
"फेकाले जीव होत नाही वं कुंदा.
लोकेश तिकडे हाफिसात फार्मल घालते म्हणे.
याचं काही तरी करून दे."
काही तरी म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक नव्हतं,
मलाही नव्हतं.
मी म्हटलं, ठेवा. पाणी पिता?

कूलर नुसताच घरघरत होता, टाकीत पाणी नाही.
मी ब्लेड घेऊन बसले.
बाहेरची शिवण उसवायची, आतली नाही;
आतली दुहेरी, पिवळ्या दोऱ्याची,
तिच्याशी भांडलं की ब्लेडच बोथट होतं.
सोळा नंबरच्या दोन सुया मोडल्या. मग अठरा नंबर.
चार थर एकत्र येतात तिथे आधी हातोडीनं ठेचायचं,
मग चाक हातानं फिरवायचं, पायडल विसरायचं.

बाबा असते तर त्यांनी आधी कापड उलटं केलं असतं.
तांडापेठेत घरात माग होता तेव्हा
पाहुण्याच्या उपरण्याचा काठही ते उलटून पाहायचे,
आई लाजायची.
मीही उलटलं.
निळा फक्त ताणा. बाणा पांढराच,
त्याला कुणी रंगात बुडवलेलंच नाही.
गुडघ्यावर जीन्स विटते म्हणतात.
विटत नाही. ताणा झिजतो,
आणि इतकी वर्षं खाली राहिलेला बाणा
वर येऊन बसतो.
सीताबर्डीवर पोरं तेच दुप्पट पैसे देऊन घेतात.

कमरपट्ट्या गोल गुंडाळून टाके घातले,
माठाखाली चुंबळ झाली,
तांब्याचं बटण तसंच राहू दिलं.
काठांच्या पट्ट्यांची वेणी घालून पायपुसणं.
मागचे सहा खिसे एका फळकुटावर,
विजेचं बिल, गॅसचं पुस्तक, पमाताईंच्या बीपीच्या गोळ्या.
एक खिसा रिकामा ठेवला. घरात लागतोच.
मांड्यांच्या कापडाची पिशवी, दहा किलो कांदे पेलेल अशी.

उजवीकडच्या मोठ्या खिशात एक छोटा खिसा असतो,
त्यात नेमकं काय ठेवायचं, कुणाला माहीत नसतं.
लोकेशला माहीत होतं.
प्लॅस्टिकच्या चिमुकल्या पुडीत, चारदा घडी घातलेली
इतवारीतल्या सराफाची गहाणाची पावती.
अंगठी एक, तीन ग्रॅम. पाच हजार दोनशे.
खाली त्याची सही, शाळेतल्यासारखी गोल.

बारावीला केलेली ती अंगठी
अंबाझरीत पोहताना बोटातून गेली,
हे पमाताईंनी मला किती वेळा सांगितलंय.
तलावाला शिव्याही घातल्यात.
पावतीवर तारीख दिवाळीच्या आठवडाभर आधीची.
त्या दिवाळीत त्याच्या बापाचा पगार झाला नव्हता,
आणि घरात फराळ मात्र झाला होता.
मी खाल्ला होता. अनारसे खुसखुशीत होते.
मी उगाच जोडतेय का? असेलही.
मोबाइलसाठीसुद्धा पोरं गहाण टाकतात.

पावती परत पुडीत, पुडी परत खिशात.
तो खिसा पिशवीवर बाहेरून लावला
आणि तोंड शिवून टाकलं.

"खिशात काही निघालं का वं?"
"एक रुपया," मी म्हटलं,
आणि डब्यातला माझाच रुपया त्यांच्या हातावर ठेवला.
त्यांनी तो कपाळाला लावला. मला पाहवेना.
"अन् हा इवलासा? उघडत नाही तो?"
"शोभेचा आहे, ताई."

आता त्या पहाटे कॉटन मार्केटला जातात,
पिशवी खांद्यावर, पातीचा कांदा बाहेर डोकावतो.
भाव करताना त्यांचा अंगठा
त्या छोट्या खिशावरून फिरत राहतो, सवयीनं,
"पंधराले दे, नाही तर राहू दे बावा."

तोंड मी अठराच्या सुईनं नाही शिवलं.
हातानं शिवलं, एकेरी, कच्च्या दोऱ्यानं.