धाग्याची लांबी

धरणगावच्या जिनिंगात एकतीस वर्षं मी कापूस जोखला.
चिमूट घ्यायची, दोन अंगठ्यांत धरून विंचरायची,
काळ्या मखमलीवर ठेवायची:
सव्वीस मिलिमीटर. अठ्ठावीस. ही कवडी, बाजूला काढा.

पहिलं चोपडं भुसावळला रद्दीत मिळालं.
कुण्या गोऱ्या गार्डाच्या बायबलात दडलेलं,
सोळा पानं, फिलाडेल्फिया, अठराशे अडतीस.
वर बेडीतले दोन हात, खाली मुंगीएवढ्या अक्षरांत:
गुलामानं वेचलेला कापूस घेऊ नका,
त्यानं गाळलेली साखर घेऊ नका.
शब्दकोश मांडीवर घेऊन अकरा दिवस लागले वाचायला.

मग नादच लागला.
ओहायोत एक म्हातारा विकणारा आहे, क्लेमंट,
पत्राच्या शेवटी दर वेळी विचारतो, तुमच्याकडे पाऊस कसा.
त्रेचाळीस झाली आता. सभांचे ठराव, प्रवचनं,
लेकरांसाठी छापलेलं एक, तळहातात मावणारं,
आणि पळून सुटलेल्या एका बाईचं, तिनं सांगितलेलं,
दुसऱ्यानं लिहिलेलं. शेवटी तिची फुली.
घरचे म्हणतात, दीडशे वर्षांपूर्वी सुटलेल्या लोकांपायी
तुम्ही आज कस्टम भरता.
भरतो.

एकदा लाईट गेली होती. बॅटरीपुढे पान धरलं
आणि आत तंतू दिसले.
मला कोणी सांगायची गरज नव्हती.
तेव्हाचा कागद चिंध्यांचा. फाटके सदरे, उशांचे अभ्रे
कुजवून, कुटून केलेला लगदा.
आणि त्या चिंध्यांचा कापूस
त्या मुलखात, त्या साली, कोणत्या हातांनी वेचला असणार?
‘घेऊ नका’ हे
घेतलेल्यावरच छापलं होतं.
सवयीनं लांबी मोजायला गेलो. मोजवेना.

पुढे त्यांची लढाई पेटली, तिकडची गाठोडी अडली
आणि आमच्या काळ्या मातीचा भाव चढला.
कुणी बैलगाडीला चांदीच्या धावा चढवल्या म्हणे.
आम्ही नदीकाठचं अठरा बिघे घेतलं.
खरेदीखत मी पाहिलंय. तेही चिंध्यांच्याच कागदावर.

चव्वेचाळिसावं मी विकत घेतलेलं नाही.
वडिलांच्या पत्र्याच्या डब्यात निघालं:
अखाजी ते अखाजी साल धरलं, रुपये एकशेवीस उचल,
दोन धोतरं, एक घोंगडी, एक जोडा.
मी न फेडलं तर पोरगा फेडील.
झिपरू बुधा मालचे, आंगठा डाव्या हाताचा.
क्लेमंटनं पाठवलेल्या पाकिटात घातलं, नंबर टाकला,
आणि बाकीच्यांच्या खाली सरकवलं.

नोव्हेंबरात पोस्टाची वनिता येते,
आम्हा पेन्शनरांचा आंगठा घ्यायला,
अजून जिवंत आहोत म्हणून सरकारला कळवायला.
यंदा टेबलावर सगळं उन्हं दाखवायला पसरलेलं.
तिनं एक एक पाहिलं. बेडीतले हात पाहिले.
मग ते एक उचललं आणि बराच वेळ बोलली नाही.
बोलली तेव्हा पोस्टातली भाषा सोडून बोलली:
“हाऊ आंगठा मन्हा आजाना शे?”

हो म्हणालो.
“मंग आठे काय करी ऱ्हायना तो?”

जपून ठेवलाय, असं म्हणणार होतो.
कसर लागू नये, ओल लागू नये, काय काय करतो
ते सगळं तोंडापर्यंत आलं होतं.
तिनं कागद पाकिटातून काढला, घडी न मोडता
टपालाच्या पिशवीत ठेवला. पाकीट मला परत दिलं.
मग मशीन पुढे केलं. कामाचं काम.

उजवा आंगठा ठेवला. लाल दिवा.
डावा ठेवला. लाल.
कापसानं घासून घासून रेषाच उरल्या नाहीत, मी म्हटलं.
तिनं माझा आंगठा धरून काचेवर दाबला, पुन्हा लाल.
पिशवीत झिपरूचा मात्र
सत्तर वर्षांनीही एक एक रेष दिसेल असा.

“उद्या येसू,” ती म्हणाली.
“तेल लाईसन बसा.”