वजा चौदा

शफकत मणियारनं काचेवर तीन यंत्रं मांडली
आणि आधी पंखा बंद केला.
पंख्याला पण सूर असतो काका, म्हणाला,
काटा भरकटतो.
जळगावात मे महिना, दुपारचे दोन,
आणि हा माणूस पंखा बंद करतो.
तिथंच मी त्याचं गिऱ्हाईक झालो.

सारंगी मांडीवर घेतली.
बुवांची. एका ओंडक्यातून कोरलेली, बकरीचं कातडं,
तीन ताती, खाली पस्तीस तरफा.

एकतीस वर्षं भुसावळच्या यार्डात
मी हातोडीनं चाकं वाजवली.
ठण् म्हणालं, जाऊ दे गाडी.
ठब् म्हणालं, भेग आहे, डबा तोडा.
तेव्हा कुणी यंत्र दिलं नाही,
मी मागितलंही नाही.

परवा डॉक्टर सरोदेंनी कागद हातात दिला.
रेघ सरळ चाललेली, सरळ चाललेली,
तीन हजारापाशी विहिरीत उतरलेली.
बोलणं येईल ऐकू, म्हणाले,
झिळमिळ जाईल.

पहिलं यंत्र गिटारचं.
त्याला सहाच तारा ठाऊक.
दुसरं हवेतून ऐकणारं:
एक तरफ छेडली की बाकीच्या आपसांत कुजबुजतात,
काटा बिचारा लग्नघरातल्या आचाऱ्यासारखा,
कुणाकुणाचं ऐकणार!
शिवाय दिवे दोनच, हिरवा आणि तांबडा.
माझा षड्ज काळी एक आणि पांढरी दोनच्या मधोमध,
बुवांच्या गळ्याला तोच मानवायचा.
तांबडा.

तिसरं चिमट्याचं. खुंटीला चावून बसलं.
हे ऐकत नाही, थरथर चाचपतं,
चाकाला तळवा लावून मी बघायचो तसं.
शफकतनं आधार सरकवला,
चारशे चाळीसवरून चारशे त्रेपन्नवर,
आणि बुवांचा षड्ज पहिल्यांदाच
कुणाच्या तरी हिशेबात बसला.

मग गंधार.
शून्यावर आणला. तरफा मुक्या.
खुंटी केसभर ढिली केली,
पडद्यावर वजा चौदा,
आणि पंगतीत तूप आल्यावर माना वळाव्यात
तशा शेजारच्या तारा जाग्या झाल्या.

शफकत ओशाळला. चुकीचं दाखवतंय, काका.
म्हटलं, दाखवू दे रे भो,
किती ते तर सांगतंय.
दोनशे उतरवले, दोन सेल वर मागून घेतले.

आता रोज पहाटे, तात तापायच्या आत,
यार्डाच्या जुन्या वहीत निळ्या पेन्सिलीनं लिहितो,
जिथं चाकांचे नंबर लिहायचो त्याच रकान्यांत:
गंधार वजा चौदा.
धैवत वजा सोळा.
निषाद वजा बारा.
कान आहेत तोवर कानाचं माप.

कोमल ऋषभापाशी पेन्सिल अडते.
काल अधिक बारा आला होता,
आज वजा दहा,
आणि दोन्ही वेळा तरफा उठल्या.
तो रकाना कोराच आहे.