आठव्या लेनची भिंत

बुडापेस्ट. सकाळची पहिली हीट,
शंभर मीटर फ्रीस्टाइल, बायकांची.
माझी खुर्ची लांबच्या टोकाला, आठव्या लेनमागे.
बावीस वर्षं हेच काम:
वळताना पोहणारी भिंतीला टेकली की नाही.
मी कुणाला पाण्यात पाहत नाही,
फक्त पाण्यात पाहते.
चेहरे लक्षात राहत नाहीत. तळवे राहतात:
क्लोरिनमध्ये वाढलेले, गुळगुळीत,
भिंतीला जेमतेम शिवून जाणारे,
उंबऱ्यावरूनच निरोप सांगून कुणी परतावं तसे.

आज यादीत एक नाव: तेरेतिआ तिओन, किरिबाती.
निवेदकाची जीभ दोनदा अडखळली.
नावापुढे आधीच्या वेळेचा रकाना कोरा.

सात जणी आल्या, वळल्या, गेल्या,
माझ्या बुटांवर पाणी उडवून.
ती अजून येतच होती.
डोकं वर. दर चार हातांनी पुढे बघत,
खडक कुठे, होडी कुठे, असं चाचपत.
तळाशी काळी रेघ आखून दिलेली असताना
अशी दिशा कोण शोधतं?
शेजारचा तिबोर माझ्याकडे पाहून हसला.
मी नाही हसले.
खरं सांगायचं तर, हसले जराशी.

मग तिनं कोलांटी घेतली, वाकडी, डावा खांदा आधी,
आणि पाय आले.
रुंद. बोटं फाकलेली. टाचेवर जुना पांढरा व्रण.
दोन्ही तळवे पुरते टेकले
आणि थांबले.
एक क्षण, दीड क्षण.
भिंत आहे ना, सरकणार नाही ना,
एवढी खातरजमा झाल्यावर
तिनं स्वतःला लोटलं.

दुपारी मागच्या जिन्यात दिसली,
चुलत्याशेजारी बसून केळं खात होती.
मी टाचेकडे बोट दाखवलं.
चुलता म्हणाला, आमच्या बेतिओत तलाव नाही.
किनाऱ्याजवळ जुन्या लढाईतला रणगाडा आहे,
अर्धा बुडालेला, गंजलेला.
तिथून माझ्या होडीपर्यंत पन्नास मीटर,
दोरीनं मोजलेत. दोरी ओली होती,
थोडे कमी-जास्त असतील.
भरतीला सराव, ओहोटीला सुट्टी.
रणगाड्याला लाथ मारून ही वळायला शिकली.
एकदा पत्रा तुटून टाचेत घुसला.

"तेव्हापासून आधी नीट टेकते," ती म्हणाली.
"गंज फसवतो."
आणि केळ्याची साल घडी घालत,
तक्रार नव्हे, सहज:
"तुमचं पाणी माणसाला उचलून धरत नाही."

एक मिनिट सत्तावीस सेकंद. सगळ्यांत शेवटची.
तिबोरनं वेळ मोठ्यानं वाचली,
या वेळी हसला नाही.

माझ्या कागदावर रकाना एकच: नियमभंग.
मी लिहिलं, नाही.
आणि पेन उचलायचं सोडून
तिथेच टेकवून ठेवलं
बराच वेळ.