काठ

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
सुताचा भुगा हवेत तरंगतो,
उन्हाच्या तिरपीत दिसतो, नाकात राहतो.
सकाळी अठरा शिंका. मोजल्यात मी.
एकोणिसावी येते येते म्हणते अन् येत नाही,
ती सगळ्यात वाईट.

मेडिकलातला बत्तुलचा पोरगा
वर न बघताच विचारतो, "सर्दी?"
पाकिटावर कात्री चालवतो.
चार गोळ्या, आठ रुपये.
कात्री जाते तिथली अक्षरं जातात.
माझ्या तुकड्यावर उरलं नावाचं शेपूट
आणि लाल शाईतलं अर्धं वाक्य, तेही इंग्रजीत.

गोळी चांगली आहे, खोटं कशाला बोलू.
तासाभरात नाक सुकतं.
तोंडही सुकतं, जीभ कोऱ्या टॉवेलासारखी होते.
मग माग लांब लांब जातो,
खडखट तीच, पण पलीकडच्या गल्लीतून आल्यासारखी.
रात्रपाळी. पावणेतीन.
मी उभा होतो, डोळे उघडे होते,
यल्लम्माची शपथ घेऊन सांगतो.
फक्त चादरीवरच्या मोराला
मान नव्हती.
चार बोटं नक्षी गेलेली.
मुकादम धावत आला, त्यानं मोर नाही बघितला,
आधी माझी बोटं मोजली.

चादर माझ्या नावावर लागली.
उरलेल्या दोन गोळ्या
मी सासऱ्यांना दिल्या, मायेनंच दिल्या.
राजमल्लू मामा, वय बहात्तर, रात्रीतून तीनदा उठणारे.
त्या रात्री सात वेळा उठले
आणि मोरीतून तसेच परत आले.
पहाटे पोट दगड.
सिव्हिलमध्ये नळी घातली तेव्हा
म्हातारा लहान मुलासारखा रडला, सुटल्याच्या सुखानं.

"काल काय दिलं होतं?" डॉक्टरीणबाई.
मी खिशातून तुकडा काढला.
त्यांनी उजेडात धरला. "नाव कुठंय?"
"कात्रीत गेलं."
प्रेशर घेतलं, तेही चढलेलं.
मग म्हणाल्या, रागावून नाही, दमून:
"हिच्यात दोघं असतात.
एक झापड आणतो, दुसरा नसा आवळतो.
म्हाताऱ्याची वाट दोघं मिळून अडवतात."

विणकराला काठ शिकवावा लागत नाही.
काठ गेला की कापड
पहिल्या धुण्यातच उसवतं.
मी बत्तुलकडं गेलो. "काठाकडून काप," म्हटलं,
"नावासकट. लाल ओळीसकट."
पोरगा पहिल्यांदा वर बघितला.

ती ओळ थोरलीनं वाचून दाखवली:
झोप येऊ शकते. मशीन चालवू नये.
परत वाच म्हटलं. परत तेच.
मशीन नाही तर मग काय चालवू, बाई?
ती आठवीत आहे. तिला काय माहीत.

आता गोळी फडताळात आहे, सुट्टीच्या दिवसासाठी.
हिनं त्या वाया गेलेल्या चादरीचे
नाकावर बांधायला पट्टे शिवलेत.
मोराचं धड माझ्या तोंडावर,
पिसारा कानामागं गाठलेला.
श्वास गरम लागतो, घाम येतो.
आज तेराच आल्या.
चौदावी