खाच वरून उघडी हवी

टर्टल फोर्कच्या ओढ्याकाठी, अक्रोडाखाली
माझं तपासणीचं टेबल.
वर एक भिंग, एक घडीची मोजपट्टी,
सिगारेटच्या पातळ कागदांचं पाकीट
(मी ओढत नाही, कागद खाचेतून सरकवायला लागतो)
आणि नियमांची वही. तिच्यावर कॉफीचा गोल डाग,
कुणी पेला ठेवला ते आता आठवत नाही.

सकाळपासून ठासणीच्या बंदुका येतायत
आपापल्या माणसांना घेऊन.
नळीच्या टोकाला माशी, अलीकडे खाच,
मध्ये हातभर लोखंड, आणि कशाची मदत नाही.
काच नाही. भोक नाही.
हिरवा चमकणारा ठिपका नाही.
फिरवायला स्क्रू नाही; वारा सुटला
तर त्याचा हिशेब डोक्यात.
खाच वरून उघडी हवी. एवढंच.

व्हर्लिन ओबरमायर गेल्या साली भांडला
भोकाच्या एका पितळी चकतीवरून.
म्हणे, आजोबांच्या बंदुकीवर होती.
असेल, मी म्हटलं,
पण आजोबा नाव नोंदवायला आलेले नाहीत.
तेव्हापासून बोलत नाही.
टेबलावरचा डोनट मात्र उचलून नेतो.

मग अर्डिथबाई आल्या.
एक्क्याऐंशी वर्षं, खांद्याला दारूचं शिंग,
हरणाच्या कातड्याची पिशवी, तिला तीन ठिगळं.
हा नियम त्यांचाच.
मी शाळेत होतो तेव्हा याच वहीत लिहिलेला,
निळ्या शाईत,
'उघडी'खाली दोन रेघा.

बंदूक उजेडाकडे धरली.
खाचेची दोन्ही शिंगं एकमेकांकडे वाकलेली,
वाकत वाकत वर टेकलेली,
खाचेचं पार भोक झालेलं.
लहान हातोडीचे घाव, दबकत घातलेले,
घरात कुणी झोपलंय असे.
कागद घातला. गेला नाही.
उलटा करून घातला,
जसा काही कागदच चुकला होता.

त्या ओढ्याकडे बघत होत्या,
म्हणजे ओढा होता त्या बाजूला.
"भोकातून बघितलं की माशी एकच दिसते.
नाहीतर तीन.
आणि मधली खरी असते असंही नाही."

मी भिंग खाली ठेवलं.
भिंगाशिवाय मला ती फट दिसतही नाही.
नेम धरणाऱ्याला काच वर्ज्य,
नेम पाळून घेणाऱ्याला चालते.
हे वहीत कुठे नाही, पण चालतं.

"वरून उघडी हवी," मी म्हणालो.
आवाज माझा मलाच लहान वाटला.
"किती?"
वही उघडली. पान शोधलं.
उघडी. दोन रेघा. माप नाही.
"कागदाएवढी," मी म्हटलं,
आणि म्हणताना कळलं, कागद माझा आहे,
नियमाचा नाही.

त्यांनी पिशवीतून कानस काढली,
पत्र्यासारखी पातळ.
म्हणजे बरोबर आणलीच होती.
टेबलाच्या कडेला टेकून, डोळे मिटून,
बोटाने जागा चाचपत दहा-बारा वेळा घासलं.
लोखंडाचा कीस वहीवर सांडला.
कागद आत गेला आणि पलीकडे निघाला.
भोक होतं तसंच राहिलं,
फक्त डोक्यावर केसाएवढं आभाळ.

"माप मी लिहिलंच नव्हतं," त्या म्हणाल्या.
"तेव्हा तिशीत होते, वाटलं नाही लागेल."

मेणबत्ती पेटवून त्यांनी माशीला काजळी धरली,
गजाने गोळी ठासली, कानावर रंजक घातली.
साठ यार्डांवर जळकी फळी, खडूची फुली.
चकमक पडली. आवाज.
धूर आमच्यावरच आला,
अक्रोडाच्या पानांत बराच वेळ राहिला.
फळी आणायला एक पोरगा धावत गेला.

पुढची बंदूक व्हर्लिनची.
त्याने पितळी चकती टेबलावर ठेवली,
डोनटचा हात विजारीला पुसला,
आणि वर्षभराने माझ्याशी बोलला:

"ती कानस जरा."