पेवातलं कॅबरने

पलूसची वायनरी बंद पडली तेव्हा
शेवटच्या दोन पगारांऐवजी मालकानं दिल्या
चोवीस बाटल्या. कॅबरने, अकरा सालचं पीक.
मीच मोजली होती त्या द्राक्षांची साखर,
मीच पाहिलं होतं पिंपातून काढताना:
काठाला जांभळं, मध्ये
दौतीच्या तळासारखं काळं.

माझ्या खोलीवर पत्रा. मार्चपासून भट्टी.
म्हणून हरिपूरला मुबारक तांबोळींकडे गेलो.
पाचच्या पुरातून वाचलेलं एक पेव
त्यांच्या माहितीत होतं, हळद सोडून गेलेलं.
त्यांनी दोरीनं कंदील आत सोडला,
विझतो का पाहिलं.
"दिवा जगला. उतरा आता."

खाली उन्हाळा नव्हता, हिवाळाही नव्हता.
कित्येक वर्षांच्या हळदीचा कोंदलेला पिवळा दम.
बाटल्या आडव्या निजवल्या,
बुचं ओली राहावीत म्हणून.

चाचा पीत नाहीत.
पण सौद्यात नुसत्या वासावर सांगायचे,
ही तीन वर्षं पेवात होती,
हिला पाणी लागलंय, ही खोटी.
मी फक्त बूच त्यांच्या हातात द्यायचो.

तेरा साल. "पोरगं हाय. भांडतंय."
खरंच, हिरड्याचा तुकडा दाताखाली यावा तसं.
टॅनिन गालांच्या आतून खरखरीत, नव्या घोंगडीगत,
आणि ढोबळ्या मिरचीचा एक हिरवा हट्ट.
फसलं, मी म्हणालो.
"झाका," ते म्हणाले.

सोळा साल. जांभूळ पिकलेलं,
पण पिंपाचं लाकूड अजून वेगळंच बसलेलं,
चपला न काढलेल्या पाहुण्यासारखं.
"झाका."

एकोणीसला कृष्णा पेवात उतरली.
पाणी ओसरल्यावर नऊ बाटल्या निघाल्या.
लेबलं गेलेली. साल, जात, गाव,
मालकाचा सोनेरी घोडा,
सगळं गाळात.
एक तिथंच उघडली, चिखलात उभं राहून,
स्टीलच्या पेल्यात.
काठाला विटेचा रंग.
तंबाखूचं पान, शिसपेन्सिल, बेदाणा,
आणि खूप मागे हळद.
हे रसायनशास्त्रात बसत नाही, मला ठाऊक आहे.
घोंगडी अंगाला सरावली होती.
चाचांनी बूच नाकाशी धरलं, डोळे मिटले.
"मिटलं भांडण."

एकवीसच्या जूनमध्ये
ते मिरजेच्या दवाखान्यातून परतले.
मी बूच दिलं.
त्यांनी ते फिरवलं, परत नाकाशी नेलं, परत फिरवलं.
"लाकूड हाय एवढं कळतंय.
ते बी हाताला."

तेव्हापासून मी बोलतो, ते ऐकतात.

किती टिकेल हे विचारणारे भेटतात.
पुस्तकं पंधरा म्हणतात, वीस म्हणतात,
तो दगडी तळघरांचा हिशोब.
पेवाचा, पुराचा, पुसलेल्या नावांचा
कोष्टक कुणी मांडलेला नाही.

तीन उरल्यात.
काल चौथी उघडली, त्यांच्याच ओट्यावर.
मी सांगत गेलो:
फळ मागे सरलंय. जुन्या खोगिराचं कातडं.
वाळकं अंजीर. आंबटपणाचा कणा अजून ताठ.

"आणि?"

मी पेला पुन्हा नाकाशी नेला.
काहीतरी होतं तिथं,
मी कधीच नाव न दिलेलं.

"थांबा जरा," मी म्हणालो.

ते थांबलेलेच होते.
बूच मुठीत.